दहावा माणूस

प्रार्थनालयाचे मुकादम सुलेमान अष्टमकर जिना चढून येताना दिसले, तेव्हा पिन्हास घोसाळकर चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला नाही. मुकादम या जिन्यावर कधीतरी येतील म्हणून त्याने नऊ वर्षं वाट पाहिली होती. आणखी दोन घोट घ्यायला हरकत नव्हती.

मुकादमांच्या सदऱ्याचा गळा सुतकाच्या रिवाजाने फाडलेला होता.

"आईला जाऊन आठ दिवस झाले, पिन्हास."

"कळलं. वाईट झालं. बसा."

"मातीच्या वेळी पुण्याहून दोघे आले म्हणून भागलं. पण कद्दिश अकरा महिने म्हणायचा. दर शनिवारी पुण्याहून कोण येणार?"

मयताच्या आत्म्यासाठी कद्दिशची प्रार्थना म्हणायची तर दहा पुरुष समोर हवेत. त्याशिवाय मुलाने तोंड उघडायचं नाही, हे नगरमधल्या इस्रायली, म्हणजे ज्यू मंडळींत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एकेकाळी प्रार्थनालयात बसायला जागा पुरत नसे. मग एकेक घर इस्रायलला निघालं. त्या सगळ्यांचे अर्ज कचेरीत टायपिस्ट असलेल्या पिन्हासने फुकट टाईप करून दिले होते. लोक दुवा देऊन गेले. प्रत्येक घर गेलं की तो उरलेले पुरुष मोजायचा.

"आता किती उरलो आपण?" त्याने विचारलं.

"नऊ." मुकादम खोकले. "तुला धरून दहा."

"मला धरून? माझी आजी आक्काबाई अजून सोनईचीच आहे, मुकादम. तिचं गाव काही बदललेलं नाही."

आईची आई इस्रायली नव्हे, गावातली हिंदू, म्हणून मंडळींच्या लेखी पिन्हास 'काळा' इस्रायल. नऊ वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले तेव्हा निम्मी मंडळी पनवेलला लग्नाला गेली होती. कबरस्तानात जमले नऊ आणि दहावा पिन्हास. याच मुकादमांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की काळ्याला दहात धरता येत नाही. म्हाताऱ्याला कद्दिशशिवाय पुरलं.

"मुंबईच्या जाणकारांना पत्र टाकलं होतं," मुकादम म्हणाले. "काळं-गोरं असं शास्त्रात काही नाही म्हणतात."

"अरेच्चा! पोस्टाला नऊ वर्षं लागली म्हणायची."

"पिन्हास, हात जोडतो. आई आहे माझी."

जोडलेले हात पिन्हासने नीट पाहून घेतले. मग उरलेला चहा संपवला.

"आज बुधवार. दोन दिवस विचार करतो," तो म्हणाला.

मुकादम गेल्यावर त्याची बायको दीना आतून आली. "शनिवारी घरीच बसायचं हं! तडफडू दे मेल्याला."

"जाणार आहे."

"आणि ऐन वेळी उठून येणार?"

"बघू."

शनिवारी तो गेला. सगळ्यांत शेवटी, मुकादमांची नजर दाराला चिकटून चिकटून शिणल्यावर. कद्दिशच्या जरा आधी तो पाणी प्यायला बाहेर गेला आणि सावकाश प्यायला. आत मुकादम पुस्तकाचं तेच पान पुन्हापुन्हा उलटत होते. तो परत येऊन बसला, मुकादमांनी कद्दिश म्हटला, पिन्हासने सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हटलं.

मग हे दर शनिवारी होऊ लागलं. कधी त्याला शिंका यायच्या, कधी चपला तपासायला दारात जावं लागायचं. मुकादमांचं वजन पहिल्या तीन महिन्यांत सात शेरांनी उतरलं. पण पिन्हासने एकही शनिवार चुकवला नाही.

उलट तो कामालाही लागला. ते दुष्काळाचं वर्ष, नगरात नळाला तिसऱ्या दिवशी पाणी. पिन्हास शुक्रवारी दिवस मावळायच्या आत सायकलला दोन डबे बांधून प्रार्थनालयात पाणी भरायचा. दिव्यांत तेल घालायचा, सतरंज्या झटकायचा. कचेरीतला शिपाई भिमाजी मागून सायकल धरायचा.

"सायेब, इतकं कशापायी करताय त्यांच्यासाठी?"

"त्यांच्यासाठी कोण करतंय?"

भिमाजी हसला आणि सायकल धरून चालत राहिला.

हळूहळू मुकादमांची भीती गेली. ते पिन्हाससाठी जागा धरून ठेवू लागले. सणाला मलिद्याचं पहिलं ताट त्याच्या घरी आलं. दीनाने ते मुकाट्याने घेतलं आणि नवऱ्याकडे रागाने पाहिलं.

"विरघळलात ना शेवटी?"

"गोड झालाय मलिदा," पिन्हास म्हणाला.

डिसेंबरात अकरा महिने भरले. त्या शेवटच्या शनिवारी पिन्हास सगळ्यांच्या आधी हजर होता. पाण्याला उठला नाही, शिंकला नाही. कद्दिश संपला तेव्हा मुकादम लहान मुलासारखे रडले. मंडळी पांगल्यावर त्यांनी पिन्हासला मिठी मारली.

"आई सुटली रे! तुझ्यामुळे सुटली. पुढच्या शनिवारी सेफेरची पोथी उचलायचा मान तुझा. कोण अडवतो बघतो मी."

"पुढच्या शनिवारी जमायचं नाही, मुकादम."

"का? तूही इस्रायलला निघालास?"

"छे. नगरातच आहे." पिन्हासने खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

मुकादमांनी चष्मा पुसला. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्याचा दाखला होता. खाली साक्षीदार म्हणून भिमाजीची सही.

"एकवीस जानेवारी," मुकादम वाचत गेले. "शुक्रवार..." त्यांनी बोटांवर मोजलं. "पहिल्या शनिवारचा कद्दिश त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"हो. तिथं आजीचं गाव कुणी विचारलं नाही," पिन्हास चपला पायात सरकवत म्हणाला. "तुमच्या आईसाठी मात्र अकरा महिने नऊच जण बसले होते."