पहिलं पान

तारामतीने वही उघडली आणि तिचं डोकंच फिरलं. पहिलं पान कोरं. दुसरंही कोरं.

"अप्पा, इंग्रजी 'पुट अप'ची दहा वाक्यं सांगितली होती. एक नाही लिहिलं! उद्या परीक्षा आहे तुमची."

नागोराव चहाची बशी घेऊन बसले होते. बावीस वर्षं त्यांनी कचेरीच्या फायली उर्दूत लिहिल्या, आणि त्यांचं अक्षर बघून भलेभले साहेब मान डोलवायचे. आता हैदराबाद राज्याची वाटणी होणार होती. कचेरीत इंग्रजी आली होती, आणि तिच्या परीक्षेत मागच्या साली त्यांना शून्य मिळालं होतं. यंदाही नापास झाले तर नोकरी जाणार, काचीगुड्याची खोली सोडून गाव गाठावं लागणार, अन् तारामतीची जामबागेतली शाळा सुटणार.

"लिहिलं की," ते म्हणाले. "बघ तरी नीट."

त्यांनी वही तिच्या हातातून घेतली, पालथी केली आणि उर्दूची वही उघडतात तशी उजवीकडून उघडली.

तारामती वाचू लागली. साहेबांपुढे फाईल ठेवणं, बरोबर. पाहुण्याला घरी उतरवून घेणं, तेही बरोबर. मेहुणा चार महिने हलला नव्हता ते वाक्यात आलंच होतं. भिंतीवर तसबीर लावणं. आणि पुढे 'विथ' जोडलं की निमूट सोसणं. तिथे तर खुशाल लिहिलं होतं की माझ्या बायकोने, कोंडाबाईने, मला अठरा वर्षं सोसलं. दहाच्या दहा बरोबर.

तिला हसू फुटलं, आणि मधेच थांबलं.

"अप्पा, मागच्या परीक्षेतबी असंच लिहिलं? मागच्या पानापासून?"

"हौ. मग कुठून लिहितात?"

"किती पानं?"

"चार. बाकीची कोरी राहिली."

"तपासणाऱ्यानं पुढची कोरी पानं बघितली असतील, अन् शून्य देऊन मोकळा झाला असेल."

नागोरावांची बशी हातातच राहिली. वर्षभर ते स्वतःला ठोंब्या समजत आले होते, कचेरीत मान खाली घालून बसत होते. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवलेही नाहीत.

"म्हणजे मला येत होतं?"

"येत होतं, अप्पा."

त्यांनी बशी खाली ठेवली. वही सुलटी केली, पहिलं कोरं पान हाताने सपाट केलं, आणि टाक टेकवण्याआधी लेकीकडे पाहिलं.

"इथून ना?"