धक्क्यावरची आल्के

दारापलीकडचं रडणं थांबलं, तशी इम्केला जास्तच धास्ती वाटली. बालवाडीच्या बोळकांडीत, पोरांच्या ठेंगण्या बाकावर ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोरच्या खुंटीवर तिच्या लेकीचं, फेन्याचं जॅकेट लटकत होतं, खुंटीवर बदकाचं चित्र. लेकरू नवीन असलं की आईनं आधी खोलीत बसायचं, मग बोळकांडीत, मग इमारतीबाहेर जायचं, असा इथला शिरस्ता. आज बाहेर जायची पाळी होती.

बालवाडीच्या ताईनं, मारेननं दार किलकिलं केलं. "अजून इथंच? अगं, तुझी लेक मजेत वाळू कालवतेय. जा, कॉफी पिऊन ये. लागलंच काही तर फोन करीन."

"हो, निघालेच."

"कालही हेच म्हणालीस. सवय लावायची कुणाला, तिला की तुला?" मारेन हसली आणि दार पुन्हा लागलं.

इम्के काही उठली नाही. तिनं फोन काढला.

फोनवर तिचं दुसरं लेकरू होतं: 'पलीकडचा धक्का'. तिनं आणि तिचा भागीदार हाउके यानं दोन वर्षं खपून केलेला खेळ. चित्रातल्या वस्तूंवर क्लिक करायचं, त्या पिशवीत गोळा करायच्या, कोडी सोडवायची. शेवटी वेझर नदीच्या धक्क्यावर आल्के भेटते. बुडालेल्या नावेतली लहानगी पोर. भूत. पिशवीतला कंदील तिच्या हातात दिला की ती धुक्यातल्या नावेत चढते, सुटते. खेळ संपतो. एका शनिवारात संपण्याजोगा.

पण लोक तो संपवतच नव्हते. धक्क्यापर्यंत जवळजवळ सगळे पोचत. कंदील सगळ्यांच्या पिशवीत असे. आणि त्यातले निम्मे तिथंच राहत. पुढे नाहीत, मागे नाहीत.

खेळाच्या पानावरचे अभिप्राय ती रोजच्यासारखी खाली सरकवत गेली.

"भूत इतकं गोड, की घाबरायचं राहूनच गेलं. शुद्ध फसवणूक!"

"कंदिलाचं कोडं ज्यानं रचलं, त्याला एकदा भेटायचंय. हातात वल्हं घेऊन."

"कंदील खांबाला टांगला, पाण्यात बुडवला, हेरिंग माशाला बांधून पाहिला. नुसता पोरीच्या हातात द्यायचा, हे कुठल्या शहाण्याला सुचणार?"

हे तिसरं तिला लागलं. कोडं तिनंच रचलं होतं. आणि त्याखाली हेरिंगकाका नावाच्या कुणाचं, चार शब्दांचं: "अजून संपवला नाही. घ्याच." नावाशेजारच्या नोंदीप्रमाणे हा गृहस्थ शरद ऋतूपासून जवळजवळ रोज खेळत होता. एवढ्याशा खेळात! बिचारा, तिच्या मनात आलं.

तेवढ्यात हाउकेचा फोन आला.

"इम्के, अपडेट तयार आहे. धक्क्यावर कुणी रेंगाळलं, की आल्के आपणहून कंदील उचलेल आणि नावेत चढेल. झालं. विषय संपला."

"जुन्या, अर्धवट पडलेल्या खेळांतसुद्धा?"

"त्यांच्यासाठीच तर केलंय! अडकलेला माणूस शिव्या देतो गं. असे शेरे आणखी महिनाभर येत राहिले, तर पुढचा खेळ विसर आणि दुकानाला कुलूप घाल." मग त्याला चेव आला. "तुझाही कहरच आहे. त्या आल्केला पिशवीतलं बटण दाखवलं तरी ती बोलते, मेलेला उंदीर दाखवला तरी बोलते. प्रत्येक वस्तूला वेगळं उत्तर! एवढं कोण वाचत बसणार होतं?"

ती वाक्यं इम्केनं फेन्या पोटात असताना लिहिली होती, एकेक करून, हसत हसत.

"पाठव," ती म्हणाली.

फोन ठेवला, तरी तो हेरिंगकाका काही डोक्यातून जाईना. अपडेटनं परस्पर शेवट करून टाकण्याआधी निदान त्या एकाला तरी स्वतः सोडवल्याचं समाधान मिळावं. तिनं त्याच्या अभिप्रायाखाली लिहिलं: "खेळ आम्हीच केलाय. कोडं फार किचकट झालं, माफ करा. कंदील आल्केच्या हातात द्या, बस्स. मग ती जाईल."

उत्तर लगेच उमटलं. तिनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. तोवर त्याखाली अनोळखी नावांची आणखी उत्तरं येऊ लागली होती, एकाच शब्दाची: "मीसुद्धा." "मीसुद्धा."

तिनं घाईघाईनं हाउकेला फोन लावला.

"गेलं का अपडेट?"

"बोट बटणावरच आहे."

"काढ ते बोट."

"आता काय झालं? अगं, लोक अडकलेत तिथं!"

दारापलीकडे कुणीतरी खिदळलं. फेन्याच. इम्केनं आवाज अगदी खाली आणला आणि फोनवरचं उत्तर त्याला वाचून दाखवलं:

"अहो बाई, ते तर मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. पण कंदील दिला की पोर जाते ना. म्हणून सकाळी उठून तिला एखादी वस्तू दाखवतो, ती काय बोलते ते ऐकतो, आणि कंदील परत पिशवीत ठेवून देतो."