पहिला नारळ

झुंजवाडीच्या लढाईचा स्मृतिदिन होता. त्या लढाईनंतर अख्ख्या खोऱ्यावर इंग्रजांचं राज्य आलं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगतं. भाषणं झाली, हार झाले आणि स्तंभापुढे पहिला नारळ कुणी फोडायचा, यावर गाडी दरवर्षीसारखी अडली.

"मान वरच्या वाडीचा. लढाईत आमचं घराणं सगळ्यांच्या पुढं होतं," नारळ छातीशी धरून हैबती म्हणाला.

"पुढं होतं, पण पळण्यात!" खालच्या वाडीतून आवाज आला.

बाह्या वर सरकल्या. महाडहून पाहुण्या म्हणून आलेल्या इतिहासाच्या प्राध्यापक राजनंदिनीबाई उन्हात उभ्या राहून वैतागल्या होत्या. त्यांनी हैबतीच्या हातातून नारळ काढून घेतला आणि स्वतःच फोडला.

"झालं? आता मिटवा."

दोन्ही वाड्यांनी टाळ्या वाजवल्या. हैबतीलाही हायसं वाटलं. मान आपल्याला नाही मिळाला, पण खालच्यांनाही नाही मिळाला!

प्रसादाचं खोबरं खाताना बाईंनी त्याला विचारलं, "काका, इंग्रज तर मूठभर होते. मग एवढं मोठं गाव लढाई हरलं कसं?"

"लढाई कसली बाई!" हैबती खोबरं चघळत म्हणाला. "पयला वार कुणी करायचा, यावर आमच्या दोन वाड्यांचं जुंपलं होतं. शेवटी गोरा सायबच मधी पडला. भांडण मिटवायला म्हणून आला, तो सव्वाशे वर्सं ऱ्हायला."