मधले दहा सेकंद

सूक्ष्मजीवशास्त्राची परीक्षा आठवड्यावर आली, तशी तिने उजळणीसाठी नवी युक्ती काढली. मोबाइलवर स्वतःच्या आवाजात प्रश्न रेकॉर्ड करायचे, प्रत्येक प्रश्नानंतर दहा सेकंद गप्प राहायचं आणि ऐकताना त्या जागी उत्तर द्यायचं.

पूर्वी हॉस्टेलच्या खोलीत सोबत राहणारी मैत्रीणच तिला प्रश्न विचारायची. चार महिन्यांपूर्वी ती मेंदूज्वराने गेली. तिच्या आईने रडत विचारलं होतं, "आदल्या रात्री तुला काही बोलली का गं?"

"नाही काकू. काहीच नाही."

त्यानंतर तिने काकूंचा फोन एकदाही उचलला नव्हता.

भर दुपारी दार लावून तिने ते रेकॉर्डिंग ऐकायला लावलं.

"संसर्ग झाल्यावर सर्वांत आधी कोणती अँटिबॉडी तयार होते?"

ती तोंड उघडणार, तोच फोनमधून हळू आवाज आला, "आयजीएम."

रेकॉर्ड करताना खोलीत दुसरं कोणीच नव्हतं.

"आईकडून गर्भातल्या बाळाला कोणती मिळते?"

"आयजीजी. किती सोपं विचारतेस गं!"

फोन बंद करायला बोट पुढे होईना. पुढचा प्रश्न कोणता, ते तिला ठाऊक होतं.

"रुग्णाला खूप ताप आहे, डोकं दुखतंय, मान आखडलीय. तुम्ही काय कराल?"

दहा सेकंद उलटले. वीस झाले. इतकी शांतता तिने रेकॉर्डच केली नव्हती.

मग तोच आवाज, अगदी कानाशी, कण्हत म्हणाला, "तू जागी आहेस, मला माहितेय. ऊठ ना गं."