पुष्पलता

आबा अडखळत बोलायचे. तरी थोरल्या इंदूला ते नावाने हाक मारायचे. मला मात्र जन्मभर नुसतं 'धाकले'. 'पुष्पलता' त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. ते गेल्यावर धुळ्याच्या घरात माणसं भेटायला येत होती आणि मी ती सल घेऊन सारखी आतबाहेर करत होते. दहाव्याला न राहवून आत्याला विचारलं, "माझं नाव आबांना आवडत नव्हतं का?"

"येडी शे का, माय? त्यानीच निवाडं," आत्या म्हणाली. "बारसाले तुना कानमा फक्त मी सांगं."

"मग त्या नावानं कधी हाक का नाही मारली?"

 

"ठेवाना आधी मनमा धा येळ म्हनी दखं व्हतं त्यानी. तठे कोठेच अडकनं नही."