चमच्यांचं वीजघर

आईस्क्रीमच्या चमच्यांचं चाक दमयंतीबाईंनी बोटानं फिरवून पाहिलं. चाकाला चुंबक, भोवती तारेची वेटोळी, वेटोळ्यांना चिमुकला दिवा. वर्गानं खपून केलेलं हे जलविद्युत केंद्र आज परीक्षकांना पटलं, तरच तालुक्याच्या प्रदर्शनाला जाणार होतं.

बाईंनी नळ सोडला. नळ नुसता खाकरला.

"टाकीत पाणी नाही, बाई," तमन्ना म्हणाली. "सकाळपासून लाईट नाही, मग मोटर कशी चालणार?"

"म्हणजे वीज करायला आधी वीज पाहिजे," परीक्षक म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. बाईंचे कान लाल झाले.

"मी करते," म्हणत तमन्ना पुढं सरसावली. वर्गातलं हे सगळ्यात बडबडं पोर. तिनं गाल फुगवून चमच्यांवर अशी फुंकर घातली, की चाक गरगरलं आणि दिवा लागला.

बाईंनी शांतपणे फळ्यावरचं 'जल' पुसून तिथं 'पवन' लिहिलं.

"आणि वारा पडला तर?" परीक्षकांनी हसू दाबत विचारलं.

"हिचं तोंड मी वर्षभर बंद करू बघतेय, साहेब. अजून तरी जमलेलं नाही."

"मग यंत्राबरोबर हिलाही तालुक्याला पाठवा."