बाराशे ग्रॅम

"शर्ट काढा, काका. बनियनही."

भिवाजी कोळी जागचा हलला नाही. ठाण्याच्या खाडीत उघड्या अंगाने होडी हाकण्यात त्याची चाळीस वर्षं गेली होती, पण इथे दोन नर्स होत्या, काचेच्या पेट्यांमध्ये सहा बाळं होती आणि सगळीकडे पांढराशुभ्र उजेड होता. त्याने काचेपलीकडे पाहिलं. बाहेर मुलगा हितेश तोंडाला मास्क लावून उभा होता. सकाळपासून तो शिंकत होता, म्हणून त्याला आत घेतलं नव्हतं. सून भाविका वरच्या मजल्यावर तापाने पडली होती. उरला तो भिवाजीच.

"मना जमाचा नाय बाय," तो कल्पिता सिस्टरला म्हणाला. "पोर लय बारीक हाय."

"बारीक आहे म्हणूनच. पेटीपेक्षा माणसाच्या छातीवर तिला ऊब चांगली मिळते. आई नाही, तर आजोबा."

भिवाजीने शर्ट काढला. सिस्टरने दिलेला पुढून उघडा गाऊन चढवला आणि हळूच विचारलं, "मासलीचा वास येतंय का? दोन दिस होडीवर गेलो नाय. दोनदा आंघोल केली."

"फक्त साबणाचा येतोय," कल्पिता म्हणाली. "बसा."

अख्ख्या विभागात मागे रेलता येईल अशी एकच खुर्ची होती. भिवाजी तिच्यात अंग चोरून बसला. कल्पिताने पेटी उघडली, नळ्या आणि वायरी सांभाळत बाळाला उचललं आणि त्याच्या छातीवर उभं टेकवलं. दोन महिने आधीच जन्मलेली मुलगी. बाराशे ग्रॅम. डोक्यावर लोकरीची टोपी, कमरेला रुमालाएवढा लंगोट. वरून कल्पिताने मऊ कापड गुंडाळून गाठ मारली.

भिवाजीचा श्वास अडकला तो अडकलाच.

"काका, दम सोडा. तुम्ही नीट श्वास घ्या, म्हणजे तिलाही बरं वाटेल." मग तिने पडद्यावरच्या निळ्या आकड्याकडे बोट केलं. "हिच्या अंगातला ऑक्सिजन. नव्वदच्या वर हवा. ही मधेच श्वास घ्यायला विसरते, सकाळपासून चार वेळा विसरलीय. आकडा उतरला की पाठ चोळायची. घाबरायचं नाही."

भिवाजीने आकड्यावर नजर लावली. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. चौऱ्याण्णव. छातीवर काही वजनच जाणवत नव्हतं, नुसती ऊब आणि मधूनमधून एक बारीकशी धडधड. ती तिची की आपली, हे त्याला कळेना.

अर्ध्या तासाने आकडा घसरला. एक्क्याण्णव. सत्त्याऐंशी. यंत्र वाजू लागलं. कल्पिता पलीकडच्या पेटीत दुसऱ्या बाळाची नळी बसवत होती, हात सोडवणं शक्य नव्हतं.

"काका, चोळा!"

भिवाजीने दोन बोटं कापडाखाली घातली. दोर ओढून ओढून घट्टे पडलेली बोटं. तिची पाठ त्या दोन बोटांएवढीच होती. तो चोळत राहिला. ब्याऐंशी. एकोणऐंशी. काचेपलीकडे हितेशने दोन्ही तळवे काचेला लावले.

"घे गो बाय, दम घे," भिवाजी पुटपुटला. "घे."

बाळ एकदम दचकलं. अंग ताणून तिने मोठी जांभई दिली. पंच्याऐंशी. नव्वद. शहाण्णव. यंत्र गप्प झालं. कल्पिता नळी बसवून दोन पावलं धावत आली होती, ती तिथेच थांबली.

"जमलं की," ती म्हणाली.

भिवाजीच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याने तो पुसला नाही. हात तिच्या पाठीवरच राहिला.

एवढ्यात विभागाचे प्रमुख डॉक्टर रत्नदीप राऊंडला आले. खुर्चीत पांढऱ्या केसांचा उघड्या छातीचा माणूस पाहून ते थबकले.

"सिस्टर, बाळ छातीवर द्यायचं ते फक्त आईच्या, असं ठरलं होतं आपलं."

"हो सर. पण आईला ताप, वडिलांना सर्दी. काकांची तपासणी केली, हात कोपरापर्यंत धुवून घेतले." कल्पिताचा आवाज जरा घट्ट झाला. "आईला बरं वाटेपर्यंत बाळाला थांबायला कसं सांगू?"

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. बाळाचं तापमान पेटीत सकाळपासून वरखाली होत होतं, गेला पाऊण तास ते एका जागी टिकलं होतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. मग इतर पाच पेट्यांवरून नजर फिरवली.

"अशा खुर्च्या अजून किती बसतील इथे?"

"तीन, सर. कपाट हलवलं तर चार."

"हलवा," ते म्हणाले, आणि पुढच्या बाळाकडे वळले.

तास भरला. कल्पिता गाठ सोडायला वाकली. बाळ गाढ झोपलं होतं. तिने दोन्ही हातांनी अलगद उचलून पाहिलं, पण बाळ येईना. शेंगदाण्याएवढ्या मुठीत भिवाजीच्या छातीवरचे दोन पांढरे केस घट्ट धरलेले होते. कल्पिता एकेक बोट सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं मिटत होतं.

"काका, दुखतंय का?"

"ऱ्हाव दे बाय," भिवाजी डोळे मिटून म्हणाला. "उपटू दे. तिचंच हायत ते."